फूल की दोन पानं

गुरुवार, १ नोव्हेंबर १९५६. तुम्ही ढाणकीत आहात. कापसाची वेचणी ऐन भरात आहे. ओट्यात कापूस बांधलेल्या बाया शेतातून परतताहेत, आणि पारावर बसलेला एक जण पेपर हातात धरून मोठ्याने सांगतोय की काल रात्री बारापर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, आज सकाळपासून मुंबई राज्यात आहोत. ऐकणाऱ्यांत थोडी चुळबुळ होते. एकाला जमिनीच्या कागदांवर काही फरक पडेल का ते हवंय. दुसरा विचारतो, नागपूरचं कोर्ट राहील की जाईल? तिसरा, वयाने सगळ्यात मोठा, विचारतो, "हे ठरवलं कोनं?"

त्याला कुणाकडेच उत्तर नाही.

गाडीवाट धरून पैनगंगेवर या. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा, हदगावकडचा. कालपर्यंत ते हैदराबाद राज्य होतं. आजपासून तेही मुंबई राज्यातच. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं तेव्हापासून ही नदी सीमा होती. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यावर वऱ्हाड कायमचं इंग्रजांकडे गेलं, तरी कागदावरचा मालक निजामच राहिला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला आला. आज, शंभराहून जास्त वर्षांनी, दोन्ही काठांवर एकच राज्य आहे. पोरीबाळी नदीच्या दोन्ही अंगांना दिलेली माणसं आहेत ही, त्यांना आनंद झालाय, आणि तो खरा आहे. पण पारावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्नही खरा आहे, आणि तो घेऊनच तुम्हाला पुढचा प्रवास करायचा आहे.

आधी अठरा वर्षं मागे. १ ऑक्टोबर १९३८, नागपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळात रामराव देशमुख ठराव मांडतात की मराठी भाषकांचा वेगळा प्रांत व्हावा. रविशंकर शुक्ल पंतप्रधान आहेत. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणायचे. ठराव मंजूर होतो. तुम्ही गॅलरीत उभे आहात आणि बाके वाजताना ऐकताय. विधिमंडळाने लोकांच्या नावाने मोठी गोष्ट मागितली. आता ती लोकांकडे जाऊन पक्की व्हायला हवी, असं तुम्हाला वाटतं. तशी सोयच नाही. ठराव दप्तरात जातो आणि दप्तरातच राहतो.

पुढच्या सतरा वर्षांत वऱ्हाडाबद्दल बरंच काही ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं: १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, आणि मग राज्य पुनर्रचनेसाठीचा फाजल अली आयोग. या आयोगाकडे देशभरातून १,५२,२५० निवेदनं जातात. आयोगाने १९५५ मध्ये शिफारस केली ती नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा या आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची. ती मान्य झाली नाही. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद बदलते. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभेकडे मत मागायला पाठवतात, पण ते मत बांधील नसतं. मतदाराचा तर उल्लेखच नाही. पुसदचे आमदार वसंतराव नाईक १९५२ मध्ये मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला त्यांची खुर्ची नागपूरहून मुंबईला गेली. त्यांना निवडून देणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

हे असं का, ते समजून घ्यायला दिल्लीत डोकावा. ४ नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा मांडायला उभे आहेत. इतर देशांच्या राज्यघटना बदलायला किती अवघड आहेत ते सांगून ते म्हणतात की आपण खास परिषद किंवा सार्वमत अशा किचकट वाटा टाळल्या आहेत, दुरुस्तीचे अधिकार केंद्र आणि प्रांतांच्या विधिमंडळांकडे ठेवले आहेत. सभागृहात अमरावतीचे पंजाबराव देशमुखही आहेत. पुढच्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, दुरुस्तीच्या कलमावर चर्चा होईल तेव्हा तेही बोलतील आणि मागणी करतील ती सुरुवातीच्या काळात दुरुस्ती आणखी सोपी असावी अशी. लोकांकडे जायची भाषा इथे कुणाला फार जवळची वाटत नाही.

बाबासाहेबांचं म्हणणं झटकून टाकू नका. देश फाळणीतून नुकताच बाहेर पडलाय. पाचांतल्या चौघांना वाचता येत नाही. ज्या सभेत ते बोलताहेत ती सभाही मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी पाठवलेली आहे. घटनाही लोकांच्या मताला टाकली जाणार नाही. अशा वेळी लवचिक घटना हवी, हा आग्रह शहाणपणाचा होता. मला एवढंच वाटतं की त्या दिवशी जी गोष्ट वेळेअभावी आणि काळजीपोटी बाजूला ठेवली गेली, ती नंतर कायमचीच बाजूला राहिली.

दुसरी वाट कशी दिसते ते पाहायला फार लांब जावं लागतं. १७८० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या गावसभांनी बसून, कलम कलम वाचून, आपल्या राज्याची घटना मंजूर केली. आज तिथल्या ५० पैकी ४९ राज्यांत रीत अशी आहे की विधिमंडळ दुरुस्ती सुचवतं आणि मतदार ती स्वीकारतात किंवा फेटाळतात. एकट्या डेलावेअरमध्ये विधिमंडळच शेवटचा शब्द सांगतं. काही राज्यांत साधं बहुमत पुरतं, काहींत सभागृहाचा मोठा हिस्सा लागतो. आयोवा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तर एका विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती मधे निवडणूक होऊन आलेल्या पुढच्या विधिमंडळानेही मंजूर करायची, आणि मगच ती मतपत्रिकेवर यायची. फ्लोरिडात मतदारांचे ६० टक्के लागतात. याची दुसरी बाजूही आहे. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेला नऊशेच्या वर दुरुस्त्या झाल्या, कारण एखाद्या तालुक्याची बाबही सगळ्या राज्याच्या मताला टाकावी लागायची. लोकांना विचारायचं तर काय विचारायचं याचीही शिस्त लागते.

आपल्याकडे, मराठी बोलणाऱ्या मुलखात, असं पूर्ण चक्र फिरलं ते एकदाच. तिथे जरा थांबून राहायचं आहे.

२२ जानेवारी १९६५, पणजी. मांडवीच्या काठावर आदिलशाही राजवाड्यात विधानसभा भरली आहे. गोवा, दमण आणि दीव मिळून तीस आमदार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्याही आत होती; महाराष्ट्राची जवळपास चार कोटी. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. १९६३ च्या डिसेंबरमध्ये पहिल्याच निवडणुकीत ते सत्तेवर आले ते गोवा महाराष्ट्रात विलीन करू या वचनावर. समोर युनायटेड गोवन्सचे जॅक सिक्वेरा. आज सभागृह विलीनीकरणाचा ठराव मंजूर करतं. नागपूरच्या १९३८ च्या गॅलरीत तुम्ही उभे होता तसेच इथेही उभे आहात, आणि इथेही बाके वाजतात. पण या वेळी ठराव दप्तरात जाणार नाही.

सिक्वेरांचं म्हणणं साधं आहे: निवडणुकीत लोकांनी आमदार निवडले, गोव्याचं भवितव्य नाही निवडलं. एवढा मोठा प्रश्न आमदारांच्या संख्येवर सोडू नका, प्रत्येकाला विचारा. शिष्टमंडळं दिल्लीला जातात, येतात. मुंबईचं सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं, मैसूरलाही गोवा हवा असतो. घटनेत सार्वमताची तरतूद नाही, म्हणून १९६६ च्या डिसेंबरमध्ये संसद वेगळा कायदा करते: गोवा, दमण आणि दीव जनमत कौल कायदा. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर आधीच राजीनामा देतात आणि विधानसभा बरखास्त होते. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. स्वतःचा ठराव तडीस जावा म्हणून त्याने स्वतःची खुर्ची मोकळी केली.

मतपत्रिकेवर दोनच चित्रं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन. दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. वाचता न येणाऱ्या माणसालाही प्रश्न तंतोतंत कळावा, एवढी ही चित्रं साधी आहेत.

आता गोव्यात हिंडा. डिसेंबर सरतोय. फोंड्याकडच्या एका वाड्यावर संध्याकाळी सभा आहे. माडाच्या बुडाशी कंदील टांगलाय. बोलणारा कुळाचा माणूस आहे, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत ज्याचं घर आहे असा. त्याला महाराष्ट्र हवाय, कारण तिथे कुळकायदा आहे, कसेल त्याची जमीन आहे, मराठी शाळा आहे. त्याच्या आज्याने, बापाने वाकून दिवस काढले. त्याला फूल म्हणजे पाठीचा कणा ताठ करणं वाटतं. त्याचं ऐकताना तुम्ही त्याच्या बाजूचे होता.

दोन दिवसांनी साष्टीत या. तिथे माडावर चढून सूर काढणारा रेंदेर आहे. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, हे त्याने ऐकलंय. विलीन झालो तर चुलीचं काय, हा त्याचा प्रश्न. मडगावात एक तरुण मास्तर सांगतोय की चार कोटींत सहा लाख मिसळले तर कोकणी कोण ऐकणार, नोकऱ्या कुणाला मिळणार? चौकात पोरं ओरडताहेत, आम्हाला शीत-कढी हवी, श्रीखंड-पुरी नको. उल्हास बुयांव गाणी म्हणत गावोगाव फिरताहेत आणि लोक रात्री उशिरापर्यंत त्यांच्यामागे आहेत. यांचं ऐकताना तुम्ही यांच्याही बाजूचे होता. गावोगाव, एकाच घरात, नवरा फुलाचा आणि बायको पानांची असं झालेलं आहे.

एक गोष्ट जवळून बघा. मडगावच्या हॉटेलात समोरासमोर दोन वर्तमानपत्रं पडलेली आहेत. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात. राष्ट्रमतात चंद्रकांत केणी आहेत, आणि उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' या सदरातून रोज मुद्द्यांची चिरफाड करताहेत. दोन्ही पेपर मराठीतले. महाराष्ट्रात जायला नको, हे गोव्यातला माणूस महाराष्ट्राच्याच भाषेत वाचतोय, पटवून घेतोय, वाद घालतोय. मराठीवर प्रेम आणि महाराष्ट्रात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मुंबईतल्या पुष्कळ मोठ्या माणसांना मात्र हे तेव्हा उमगलं नव्हतं.

मुंबईत मुख्यमंत्री कोण आहेत? वसंतराव नाईक. पुसदजवळच्या गहुलीचे. १९५६ मध्ये ज्यांच्या मतदारांना न विचारता राज्य बदललं गेलं, ते आता एका दुसऱ्या मुलखाची वाट पाहताहेत, आणि तो मुलूख मात्र विचारल्याशिवाय येणार नाही.

सोमवार, १६ जानेवारी १९६७. मतदानाचा दिवस. पहाटेपासून रांगा. नऊवारीतल्या बाया एका रांगेत, पलीकडे फ्रॉक घातलेल्या म्हाताऱ्या, डोक्यावर रुमाल. बोटाला शाई. शिक्का उचलायचा, फुलावर किंवा दोन पानांवर मारायचा, घडी घालून पेटीत टाकायचा. आत गेलेली एक आजी बराच वेळ बाहेर येत नाही. रांगेतले कुरकुरतात. ती बाहेर येते आणि म्हणते की एवढ्या मोठ्या गोष्टीला थोडा वेळ लागणारच. हे वाक्य कुठल्या दप्तरात नसेल, पण अशी आजी त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या केंद्रावर होतीच, असं मला मनापासून वाटतं.

१९ जानेवारीला पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत मोजणी सुरू होते. बाहेर गर्दी. विलीनीकरणवाल्यांचा जोर आहे तो पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत. साष्टी, तिसवाडी दुसऱ्या बाजूला. आकडे वर-खाली होतात. शेवटी येतात ते असे: ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केलं. दोन पानांना १,७२,१९१. फुलाला १,३८,१७०. बाद ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा.

विधानसभेने जे सुचवलं होतं, ते मतदारांनी नाकारलं. वाजतगाजत नाकारलं, आणि कुणाच्याही नावावर फुली न मारता नाकारलं. हे पुढच्या अडीच महिन्यांत दिसतं. २८ मार्च १९६७ ला गोव्यात विधानसभेची निवडणूक होते आणि त्याच मतदारांनी पुन्हा बांदोडकरांच्या पक्षाला बहुमत दिलं. विलीनीकरण नको, पण भाऊ (बांदोडकर) हवेत. लोकांना बारकावे कळत नाहीत, सार्वमत म्हणजे भावनेचा लोंढा, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून बघावेत. प्रश्न वेगळा विचारला म्हणून उत्तरही वेगळं आलं. १९६३ च्या निवडणुकीत हे दोन्ही प्रश्न एकाच चिन्हाखाली होते, म्हणून विधानसभेला वाटलं की लोकांचं उत्तर आपल्या खिशात आहे.

विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलेल्या त्या फोंड्याच्या कुळाला काय वाटलं? तो हरला. पण त्याला त्याचं मत विचारून, मोजून, आकडा लावून हरवलं. पारावरच्या म्हाताऱ्याला तेवढंही मिळालं नव्हतं. गोवा पुढे ३० मे १९८७ ला स्वतंत्र राज्य झाला. विदर्भाचा प्रश्न मात्र दर निवडणुकीत निघतो आणि दर निवडणुकीनंतर कुठेतरी ठेवला जातो. विदर्भ वेगळा व्हावा की नाही, यावर माझं मत इथे सांगायचं नाही. ढाणकीच्या माणसाचं काय मत आहे, हे शिक्क्याने, एका वेगळ्या मतपत्रिकेवर, कधी विचारलं गेलं नाही, ही माझी तक्रार आहे. आमदारकीच्या मतातून ते काढायचं म्हटलं तर १९६३ च्या गोव्याची चूक पुन्हा होते.

एकदा वाट खुली व्हायची वेळ आली होती. ऑगस्ट १९७८, दिल्ली. आणीबाणी उठून दीड वर्ष झालंय. जनता सरकारचे कायदामंत्री शांती भूषण पंचेचाळिसाव्या दुरुस्तीचं विधेयक आणतात. त्यात एक कलम आहे: घटनेचं लोकशाही वा धर्मनिरपेक्ष रूप, मूलभूत हक्क, निर्भय निवडणुका किंवा न्यायालयांचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती संसदेने केली तरी ती देशाच्या मतदारांकडे जाईल, किमान ५१ टक्के मतदान होईल आणि बहुमत मिळेल तेव्हाच लागू होईल. लोकसभा ते मंजूर करते. ३१ ऑगस्टला राज्यसभा ते कलम गाळून टाकते. उरलेलं विधेयक चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून घटनेत गेलं. तुम्ही राज्यसभेच्या गॅलरीतून खाली उतरता तेव्हा दारात फारशी गर्दी नसते. त्या कलमासाठी कुणी रस्त्यावर आलेलं नाही.

शेवटचा मुक्काम हल्लीच्या काळात, ढाणकीपासून जवळच्या एका खेड्यात. ढाणकीला आता नगरपंचायत आहे. आजूबाजूच्या गावांत अजून ग्रामपंचायती. महाराष्ट्रात सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. अशा सरपंचावर सदस्यांना अविश्वास आणता येतो, तीन चतुर्थांश सदस्य लागतात, पण त्यावर काम भागत नाही. ठराव विशेष ग्रामसभेत जातो आणि गावाने गुप्त मतदानाने तो कायम केला तरच सरपंच पायउतार होतो. निवडलेल्यांनी सुचवायचं, निवडणाऱ्यांनी पक्कं करायचं. अमेरिकेतल्या ४९ राज्यांत घटनेला जी रीत लागते, ती इथे एका सरपंचाच्या खुर्चीला लागते.

शाळेच्या आवारात मंडप आहे. कलेक्टरनी नेमलेला अधिकारी टेबलाशी बसलाय, शेजारी पेटी. उन्हं चढलीत. हातात मतदार ओळखपत्र घेऊन आलेली एक म्हातारी टेबलाशी थांबते.

"मेंबरायनं त ठरवलं ना बाप्पा, मंग आमाले कायले बलावलं?"

अधिकारी यादीतलं तिचं नाव शोधतो, खूण करतो, मतपत्रिका पुढे करतो. "त्यांनी फक्त ठराव केलाय, मावशी. तुम्ही मत दिल्याशिवाय तो लागू होत नाही."